पेन ड्राइव्हवरून गायब झालेले नाले

नागपूरच्या नाग नदीला मिळणाऱ्या नाल्यांचा नकाशा मी धरमपेठेतल्या ऑफिसात आणि मानेवाड्याला घरी, असा दोन्हीकडे क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरवर करतो. नकाशाची माहिती ठेवणारी जिओपॅकेज फाइल ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये होती. सहकाऱ्यानं तीच उघडली की ‘डेटाबेस लॉक्ड’! एकदा पेन ड्राइव्हवर घरी नेली, तर दुपारभर काढलेले नाले गायब.

जिओपॅकेज म्हणजे आतून एसक्यूलाइट, एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस. क्यूजीआयएसमध्ये ती उघडली की शेजारी ‘वॉल’ (डब्ल्यूएएल) नावाची जोडफाइल तयार होते आणि ताजे बदल आधी तिच्यात जातात. मी क्यूजीआयएस चालू ठेवून नुसती मुख्य फाइल उचलली होती! शिवाय ही पद्धत शेअर केलेल्या नेटवर्क फोल्डरवर धड चालतच नाही.

मग सगळे व्हेक्टर थर, म्हणजे रेषा-बिंदूंनी काढलेले नाले वगैरे, ऑफिसच्या संगणकावर पोस्टजीआयएस या अनेकांना एकाच वेळी वापरता येणाऱ्या डेटाबेसमध्ये टाकले. घरून त्याला व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीनं, जोडतो. उपग्रहचित्रं जड, ती ओढत बसलो तर चहा दोनदा गार होतो. म्हणून त्यांची प्रत दोन्हीकडे, प्रोजेक्टच्याच फोल्डरात, रिलेटिव्ह पाथनं, म्हणजे प्रोजेक्ट फाइलीपासून धरलेल्या पत्त्यानं. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर आणि चित्रं डीवर असली की विंडोजमध्ये ते जमत नाही.

घरच्या लॅपटॉपवर यूटीएम झोनही (नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले उभे पट्टे) चुकून ४३ होता. नागपूर ४४ मध्ये येतं. म्हणून त्या झोनचा ठरलेला कोड, ईपीएसजी ३२६४४, केला.

आता अडचण एकच, वीज गेली की ऑफिसचा संगणक झोपतो. यूपीएस सांगितलाय.