ट्रंकेत सापडलेली जपानी तलवार: ओळखावी कशी, मोल ठरवावे कसे

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढल्या. चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत होती. त्यामुळे एखाद्या फौजी घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत जपानी तलवार निघाली तर नवल नाही. अशी तलवार हाती आली की आधी ती घासून चकचकीत करावीशी वाटते. कृपा करून तसे करू नका. तिची अर्धी किंमत त्या घासण्यातच जाते.

आधी मूठ बघा

मूठ धातूची ओतीव असेल, वरची वेणी ही खरी दोरी नसून रंगवलेला साचा असेल आणि मुठीजवळ पात्यावर आकडे ठोकलेले असतील, तर ती १९३५ च्या नमुन्याची हवालदार दर्जाची तलवार. कारखान्यात यंत्रावर घडवलेली. इतिहास म्हणून जपावी, पण ती सामुराईची नव्हे.

मुठीवर माशाचे खरबरीत कातडे आणि त्यावर फितीची वीण असेल, तर ती अधिकाऱ्याची. इथे घाईने निकाल देऊ नका. अधिकारी तलवार स्वतः विकत घेत, आणि कित्येकांनी घरातले पिढीजात पाते फौजी मुठीत बसवून घेतले होते. बाहेरून १९३४ च्या अधिकारी नमुन्याची दिसणारी तलवार आतून तीनशे वर्षांची असू शकते.

लांबी मोजा

टोकापासून पात्याच्या बोथट पाठीवर मुठीजवळ असलेल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा, वळणावरून नाही. ६०.६ सेंमीच्या पुढे कताना, ३०.३ ते ६०.६ वाकिझाशी, त्याखाली तांतो.

मूठ काढा, इथेच खरी गोष्ट आहे

मुठीत आडवी बांबूची खुंटी असते, तिला मेकुगी म्हणतात. लाकडी काडीने ती हलकेच बाहेर ढकला. डाव्या हातात मूठ धरून पाते उभे, किंचित तिरके ठेवा आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका. पाते सैल होते. ओढाताण करू नका, आणि पात्याला उघडी बोटे लावू नका, घामाने गंज धरतो.

मुठीत दडलेला भाग म्हणजे नाकागो. त्यावरचा काळपट, एकसारखा, जमून बसलेला गंज हा तलवारीचा जन्मदाखला आहे. तो शतकानुशतके चढतो आणि पारखी त्यावरूनच वय ओळखतो. तांबूस, भुकटीसारखा गंज नवा. लोखंड करडे आणि कानशीचे वळ ताजे दिसत असतील तर पाते युद्धकाळातले असण्याची शक्यता जास्त. शोवा (जपानी सनाचे नाव) किंवा सेकी (तलवारी घडवणारे जपानी गाव) हे लहान शिक्के असतील तर पाते बहुधा पारंपरिक पद्धतीने घडवलेले नाही. खुंटीची एकाहून जास्त भोके दिसली तर पाते पुन्हा पुन्हा नव्या मुठीत बसवले गेले असावे.

सही दिसली तर मऊ उजेडात तिचा फोटो काढा, पण हुरळून जाऊ नका. जेवढा लोहार नामांकित, तेवढ्या त्याच्या खोट्या सह्या जास्त. मासामुने नाव कोरलेल्या पात्यावर मी तरी आधी संशयच घेईन. दुसऱ्या बाजूला तारीख असू शकते. शोवा सनात १९२५ मिळवा: शोवा १८ म्हणजे १९४३.

पाते उजेडात धरा

एकच दिवा, बाकी अंधार. धारेलगत धुरकट पांढरी रेघ दिसेल, ती हामोन. मातीचा लेप देऊन पाते पाण्यात विझवले की ती उमटते. तिरक्या उजेडात बारीक स्फटिक चमकले तर ती खरी. सपाट, निर्जीव पट्टा बहुधा आम्लाने काढलेला असतो. रेघ टोकातही वळलेली हवी. ती तिथे तुटली असेल, तर टोक मोडून पुन्हा घडवलेले आहे. धारेला काटकोनात गेलेली बारीक चीर, हागिरे, हा सर्वांत मोठा दोष. तिने चांगल्या पात्याचेही मोल कोसळते.

किंमत

सर्वांत खाली कारखान्याचे पाते, त्यावर अधिकाऱ्याचे युद्धकालीन, त्यावर पारंपरिक पद्धतीने घडवलेले, आणि सर्वांत वर जुने, निर्दोष व प्रमाणित. जपानची एनबीटीएचके ही कलात्मक तलवारींचे जतन करणारी १९४८ ची संस्था होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो असे चढते दाखले देते. भाव काढताना लिलावात तलवार प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहा, विक्रेत्याने लावलेला आकडा नव्हे. हातपॉलिश प्रशिक्षित कारागिरानेच करावे. गावातल्या धार लावणाऱ्याच्या चाकावर पाते कायमचे बिघडते.

विकायचा विचार असेल तर दोन कायदे बघा. नऊ इंचांहून लांब पात्याच्या शस्त्रांना शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो, म्हणून स्थानिक पोलिसांना विचारा. तलवार शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती परदेशी पाठवता येत नाही, अगदी दाखल्यासाठी जपानला पाठवायची असली तरी आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.