वायफायचा पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबर? घरी राउटर लावताना या चुका टाळा

लातूरच्या ट्यूशन एरियात कुठल्याही गल्लीत उभं राहून फोनचं वायफाय चालू करा. भराभर नावं समोर येतात: कुणाचं आडनाव, कुणाच्या होस्टेलचं नाव, कुणाची मेस. मग त्याच घराच्या गेटकडे पाहा. 'मुलांसाठी रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी आणि खाली मालकाचा मोबाइल नंबर. बऱ्याच घरांत वायफायचा पासवर्डही तोच असतो. जोडणीला आलेला मुलगा विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू?" काका म्हणतात, "माझा नंबरच टाक, लक्षात राहतो." परभणी, नांदेड, बीड, जालना, सगळीकडे हेच चालतं. या एका सवयीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या चुका एखादं बटण दाबून सुधारतात, ही मात्र आपण स्वतः हौसेनं करतो.

मोबाइल नंबर का चालत नाही

फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये चार छोटे निरोप जातात. ते हवेतून जातात, त्यामुळे रेंजमध्ये बसलेला कुणीही ते टिपून घेऊ शकतो. त्यात पासवर्ड उघड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे तपासण्यापुरता मजकूर असतो. तेवढा घेऊन तो माणूस आपल्या घरी जातो आणि कॉम्प्युटरला एकामागून एक पासवर्ड घालून बघायला लावतो. एटीएमसारखा 'तीनदा चुकला की बंद' हा नियम इथे नाही, कारण तुमच्या राउटरला या प्रकाराचा पत्ताच नसतो.

आता हिशोब करा. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. गेम खेळायला वापरतात ते एखादं भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाख किंवा त्याहून जास्त पासवर्ड तपासतं. सव्वा तासाच्या आत सगळे नंबर संपतात. जन्मतारखेचं तर बोलायलाच नको, १०० वर्षांच्या तारखा मोजल्या तरी साडेछत्तीस हजारच भरतात. आणि नंबर गेटवरच्या पाटीवर रंगवलेला असेल तर कॉम्प्युटरचीही गरज नाही.

वायफायचा पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो. मग लांब ठेवा. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे, मध्ये एखादा आकडा टाकायचा. उदाहरणार्थ हरभरा, खिडकी, सतरंजी, ४७, डबकं. (हाच ठेवू नका, तो आता इथे छापला गेला.) म्हण, आरतीची ओळ किंवा गावाचं नाव घेऊ नका, त्या गोष्टी अंदाज करणाऱ्याच्या यादीत असतात. वेगळ्या शब्दांचा पासवर्ड आजीलाही तोंडी सांगता येतो, आणि ही सोय मला खुणा-चिन्हांच्या खिचडीपेक्षा मोलाची वाटते. जो पासवर्ड घरातल्यांना टाइप करता येत नाही, तो आठवड्याभरात पुन्हा मोबाइल नंबरावर येतो.

बँकेचं अॅप स्वतःचं वेगळं संरक्षण वापरतं हे खरं. पण घरातले कॅमेरे, प्रिंटर, शेअर केलेले फोल्डर याच जाळ्यात असतात. शिवाय तुमच्या जोडणीवरून दुसऱ्यानं काही केलं तर पहिला पत्ता तुमचाच निघतो. २६ जुलै २००८ला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला होता. त्याचा माग काढत तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. त्या घरातलं वायफाय भलत्यानंच वापरलं होतं. पोलीस मात्र आधी त्याच दारात आले.

दुसरा पासवर्ड, जो कुणी बदलत नाही

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा. ही गोष्ट कितीतरी घरांत माहीतच नसते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की राउटरचं पान उघडतं (नेमका पत्ता राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो). तिथे नाव 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन' असं अजूनही चालत असेल, तर वायफायवर आलेला कुणीही पाहुणा किंवा भाडेकरू घराचा मालक झाला म्हणायचं. तो डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारी सोय) बदलू शकतो, म्हणजे तुम्ही टाकलेला पत्ता बरोबर असूनही पान भलतीकडचंच उघडतं. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असल्याच साठेक तयार नाव-पासवर्डांच्या जोड्या घालून पाहत.

जोडणीवाला घरात असतानाच हा पासवर्ड बदलून घ्या आणि स्वतः टाइप करा. काही कंपन्या हे पान ग्राहकाला उघडूच देत नाहीत, सगळं त्यांच्या अॅपमधून करायला लावतात. तसं असेल तर अॅपचं लॉगिन तुमच्याच नंबरावर आहे ना, एवढं पाहा. त्याच पानावर 'रिमोट मॅनेजमेंट' नावाची सोय असते. ती बाहेरून इंटरनेटवरून राउटर उघडू देते. घरगुती वापरात तिची गरज पडत नाही, बंद ठेवा.

सिक्युरिटीच्या यादीतून काय निवडायचं

राउटरच्या त्याच पानावर वायफायला कुलूप लावण्याच्या पद्धतींची यादी असते. तिच्यात चार-पाच नावं असतात आणि माणूस पहिलं दिसेल ते निवडतो. 'ओपन', म्हणजे बिनपासवर्डचं, नकोच. 'डब्ल्यूईपी' १९९७चं, ते २००१ सालीच मोडून निघालं, आज ते काही मिनिटांत उघडतं. 'डब्ल्यूपीए' २००३ साली तात्पुरती डागडुजी म्हणून आलं. 'डब्ल्यूपीए-२' २००४चं, आणि चांगल्या पासवर्डसोबत ते आजही घराला पुरेसं आहे. 'डब्ल्यूपीए-३' २०१८ला जाहीर झालं. वर सांगितलेली टिपून नेऊन अंदाज करण्याची युक्ती त्यावर चालत नाही. घरातली सगळी यंत्रं नवी असतील तर ते घ्या, नाहीतर दोन्ही मिळून असलेला 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' पर्याय घ्या.

त्याखाली 'टीकेआयपी' (जुनी सांकेतिक पद्धत) आणि 'एईएस' (नवी) असं विचारलं तर एईएस. इथे एक जुनी तक्रारही सुटते. 'शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण वायफायवर स्पीडच येत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे पान जरूर बघावं. टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी निवडलेलं असेल तर जोडणी ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही आणि हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. केबलवाल्याशी भांडण्याआधी हे तपासा.

डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता यंत्र जोडायचं) बटण सोयीचं असतं, पण त्याचा आठ आकडी पिन कच्चा आहे. राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरूनच निघतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ सालीच उघड झालंय. पिन बंद करा.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (यंत्राच्या ओळख-पत्त्यावरून ठरावीक फोनांनाच आत घेणं) लावणं, या दोन्हींत वेळ घालवू नका. लपवलेलं नाव साध्या अॅपनं सापडतं, मॅक पत्ता नक्कल करता येतो. उलट अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता देतो, त्यामुळे फिल्टर लावला की नवीन फोन घेतलेला घरचाच माणूस बाहेर राहतो.

भाडेकरू, पाहुणे आणि कॅमेरे

वरच्या मजल्यावर चार पोरं राहत असतील तर त्यांना मुख्य पासवर्ड देऊ नका. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. ते चालू करा, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि दरवर्षी नवी बॅच आली की तो बदला. कॅमेरे आणि स्मार्ट बल्बही तिकडेच जोडलेले बरे. क्यूआर कोड दाखवून जोडून देणं सोपं वाटतं, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर कोडखाली पासवर्ड अक्षरांतही लिहिलेला असतो. लग्नाच्या गर्दीत तो फोटो किती जणांकडे जातो याचा विचार करा.

बदल केला आणि काहीतरी बिघडलं

पासवर्ड बदलल्यावर फोन 'सेव्ह केलेलं आहे' असं म्हणत नुसता फिरत राहतो, कारण तो जुनाच पासवर्ड पाठवतो. ते नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. नवे फोन जोडले गेले पण जुना प्रिंटर किंवा टीव्ही नाही, असं असेल तर डब्ल्यूपीए-३ वरून मिश्र पर्यायावर या. कॅमेऱ्याला नेटवर्कच दिसत नसेल, तर तो बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय लहरींवर चालणारा आहे आणि तुम्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडायला बघताय.

लाइट जाऊन आली की सेटिंग पहिल्यासारखी होते, ही तक्रार आपल्याकडे फार ऐकू येते. आधी पाहा की बदल केल्यावर 'सेव्ह' दाबलं होतं का, काही राउटरमध्ये 'अप्लाय' आणि 'सेव्ह' वेगळी असतात. तरीही तसंच होत असेल तर कंपनी दूरवरून आपली सेटिंग पाठवत असणार. त्यांना फोन करून बदल त्यांच्याकडेही नोंदवून घ्या. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट जरूर करा, पण लोडशेडिंगच्या वेळेत नव्हे. अर्ध्यात वीज गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. राउटर इन्व्हर्टरवर असेल तेव्हाच बसा. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला राउटर गरम होतो आणि नेट मध्येच तुटतं, त्याचा पासवर्डाशी काही संबंध नाही, जागा बदला. एलओएसचा (फायबरचा सिग्नल नसल्याचा) दिवा लाल लागला असेल तर फायबरच तुटलंय किंवा सुटलंय, सेटिंगला हात लावू नका, लाइनवाल्याला बोलवा.

सेटिंगचा पासवर्डच विसरला, तर मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबली की सगळं कोरं होतं. पण थांबा. बऱ्याच जोडण्यांत कंपनीनं दिलेलं पीपीपीओईचं (नेट चालू करायच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असतो, तोही या रीसेटमध्ये जातो आणि घरातलं नेट बंद पडतं. रविवारी संध्याकाळी, लेकराची सोमवारी ऑनलाइन टेस्ट असताना, तो कुणाकडून मिळणार? आधी तो मागून कागदावर लिहून घ्या. मगच टाचणी लावा.