अमेरिकी विद्यापीठात फेलोशिपवर शिकताना: पत्रापासून कर-विवरणापर्यंत

स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन किंवा एमआयटी यांसारख्या विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, की सोबत आलेल्या पत्रात नजर सर्वांत आधी विद्यावेतनाच्या आकड्यावर जाते. तो आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु परदेशी विद्यार्थ्याने त्याआधी पाहायला हवे, की हा पैसा फेलोशिप म्हणून मिळणार आहे की असिस्टंटशिप म्हणून. असिस्टंटशिप ही एक प्रकारची नोकरी असते. शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेतील काम ठरलेले असते आणि त्याचा पगार मिळतो. फेलोशिपला सहसा अशा कामाची अट नसते, म्हणून ती घेणारा विद्यार्थी कर्मचारी ठरत नाही. कर, ओळखक्रमांक, भाड्याचे घर, जादा काम आणि कामगार संघटनेचे संरक्षण या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या बाबी बऱ्याच अंशी या एका फरकावरून ठरतात.

पत्र स्वीकारण्यापूर्वी

पत्रात ‘पाच वर्षांचा निधी’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ पाच वर्षांची फेलोशिप असा क्वचितच असतो. पहिले वर्ष फेलोशिपचे, मधली वर्षे टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपची आणि प्रबंधलेखनाचे शेवटचे वर्ष पुन्हा फेलोशिपचे, अशी रचना अनेक विभागांत आढळते. म्हणून कोणत्या वर्षी पैसा कोणत्या स्वरूपात मिळेल, याची वर्षवार माहिती विभागाच्या कार्यालयाकडून ईमेलने, म्हणजे लेखी स्वरूपात, मागून घ्यावी. त्याचबरोबर विद्यावेतन नऊ महिन्यांचे आहे, दहा महिन्यांचे की बारा, हेही विचारावे. उन्हाळ्याचे पैसे वेगळे असतील, तर ते हमखास मिळणार आहेत की मार्गदर्शकाच्या प्रकल्पातील शिल्लक रकमेवर अवलंबून आहेत, याचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत दोन विद्यापीठांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. तुलना करताना वर्षभरात खात्रीने मिळणाऱ्या एकूण रकमेला बारानेच भागावे, कारण घरभाडे बाराही महिने द्यावे लागते.

फेलोशिपची मुदत अभ्यासक्रमापेक्षा कमी असली, तर उरलेल्या वर्षांचा भार कोण उचलणार, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा. स्टॅनफर्डच्या नाइट-हेनेसी स्कॉलर्स या योजनेची पहिली तुकडी २०१८ साली दाखल झाली आणि ती सर्व देशांच्या नागरिकांना खुली आहे. तिचा निधी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि पीएच.डी.च्या त्यापुढील वर्षांचा खर्च संबंधित विभागाने करायचा असतो. ही व्यवस्था चांगलीच आहे, पण विभागाचे पत्र वेगळे वाचावे लागते ते याच कारणामुळे.

बाहेरील संस्थांच्या फेलोशिप शोधताना प्रथम पात्रतेची ओळ वाचावी. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधर संशोधन फेलोशिप अमेरिकी नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवासी यांच्यापुरतीच आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यांचा बराच वेळ अशा योजनांची माहितीपत्रके वाचण्यात जातो. बाहेरची फेलोशिप मिळालीच, तर विद्यापीठ आपले पैसे तेवढ्याने कमी करते, वर काही भर घालते, की स्वतःचे निधीचे वर्ष पुढे वापरण्यासाठी राखून ठेवते, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. माझ्या मते यांतील तिसरा पर्याय सर्वांत मोलाचा आहे, कारण पीएच.डी. लांबली तर सहाव्या वर्षाचा निधी मिळवणे फार अवघड जाते.

फुलब्राइटसारख्या सरकारी निधीच्या योजनेत बहुधा जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसावर जावे लागते, आणि सरकारी पैशातून आलेल्या जे-१ विद्यार्थ्याला शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. ती पूर्ण होईपर्यंत किंवा तिच्यातून सूट मिळेपर्यंत एच-१बी हा नोकरीचा व्हिसा अथवा ग्रीन कार्ड मिळत नाही. दुसरीकडे, जे-१ विद्यार्थ्याचा जे-२ व्हिसावरील जोडीदार परवानगी घेऊन नोकरी करू शकतो, तर एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याच्या एफ-२ व्हिसावरील जोडीदाराला तशी मुभा नाही. कुटुंबासह जाणाऱ्यांनी या दोन बाबी एकत्र तोलून पाहाव्यात. जोडीदार आणि मुले यांचा आरोग्यविमा फेलोशिपमध्ये बहुतेक वेळा धरलेला नसतो, आणि त्याचा हप्ता विद्यावेतनाचा मोठा भाग खाऊन टाकू शकतो.

व्हिसा आणि पहिले दोन महिने

एफ-१ व्हिसासाठी विद्यापीठ जे आय-२० प्रमाणपत्र देते, त्यावर वर्षाचा अंदाजे खर्च आणि तो कोठून भागणार याचे आकडे छापलेले असतात. फेलोशिपच्या पत्रातील रक्कम आणि आय-२० वरील रक्कम जुळते का, हे मुलाखतीपूर्वी तपासावे आणि तफावत असल्यास आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून दुरुस्ती करून घ्यावी. आय-२० वरील आरंभतारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश करता येत नाही, हे लक्षात ठेवूनच तिकीट काढावे.

पहिले विद्यावेतन हाती पडायला अनेकदा अपेक्षेपेक्षा उशीर होतो. पगार ठरावीक दिवसांनी येत राहतो. फेलोशिपची रक्कम मात्र काही विद्यापीठांत सत्राच्या किंवा तिमाहीच्या आरंभी एकरकमी मिळते. त्यामुळे एकीकडे पहिल्या दोन महिन्यांचा खर्च आणि घराची अनामत सोबत न्यावी लागते, आणि दुसरीकडे एकदम आलेली मोठी रक्कम पुढच्या तिमाहीपर्यंत पुरवावी लागते. एकरकमी पैसे मिळत असल्यास भाड्याचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकण्याचा शिरस्ता ठेवावा.

खासगी घरमालक भाडेकरूकडे पगाराच्या पावत्या मागतात, आणि फेलोशिपधारकाकडे त्या नसतात. अशा वेळी वार्षिक रक्कम, मुदत आणि विद्यापीठाचे नाव असलेले, विभागाच्या शीर्षपत्रावरील निधीचे एक पानी पत्र उपयोगी पडते. ते निघण्यापूर्वीच मागून ठेवावे. अमेरिकेत पतइतिहास, म्हणजे कर्ज व देणी वेळेवर फेडल्याची नोंद, नसलेल्या नवख्याला पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल, तर थोडे जास्त भाडे देऊनही ती घेणे मला शहाणपणाचे वाटते.

सोशल सिक्युरिटी क्रमांक या सरकारी ओळखक्रमांकाबाबत बराच गोंधळ होतो. तो क्रमांक एफ-१ विद्यार्थ्याला नोकरीच्या आधारावर मिळतो, त्यामुळे केवळ फेलोशिपवर असलेल्याला त्यासाठी अर्ज करता येत नाही. त्याला कर भरण्यासाठी आयटीआयएन हा वेगळा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्याचा अर्ज डब्ल्यू-७ या फॉर्मवर करायचा असतो. पुढे टीचिंग असिस्टंटशिप सुरू झाली, की सोशल सिक्युरिटी क्रमांक काढावा आणि त्यानंतर तोच वापरावा.

कर

फेलोशिप करमुक्त असते, हा समज अर्धाच खरा आहे. पदवीसाठी शिकणाऱ्याच्या बाबतीत शिक्षणशुल्क, सक्तीचे शुल्क आणि अभ्यासक्रमाला आवश्यक असलेली पुस्तके व साधने यांवर खर्च होणारा भाग करमुक्त असतो. राहणे, जेवण आणि प्रवास यांसाठी मिळणारे विद्यावेतन मात्र करपात्र उत्पन्न असते. एफ किंवा जे व्हिसावर असलेल्या आणि कराच्या दृष्टीने अनिवासी असलेल्या विद्यार्थ्याच्या या करपात्र भागातून विद्यापीठ सामान्यतः १४ टक्के रक्कम आधीच कापून घेते. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे साधारणपणे अनिवासी मानला जातो.

वर्षाचे विद्यावेतन ४०,००० डॉलर आहे असे धरले, तर ५,६०० डॉलर कापले जाऊन ३४,४०० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे २,८६७ डॉलर हाती येतात. खर्चाचे अंदाजपत्रक या आकड्यावर बेतावे. कापलेली रक्कम हा अंतिम कर नसतो. २०२५ सालच्या दरांनी, म्हणजे ११,९२५ डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्यावर ४८,४७५ डॉलरपर्यंत १२ टक्के या हिशेबाने, ४०,००० डॉलरवरील केंद्रीय कर सुमारे ४,५६० डॉलर होतो आणि वरचे हजारेक डॉलर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. अनिवासी करदात्याला सहसा प्रमाणित वजावट, म्हणजे कर मोजण्यापूर्वी उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम, मिळत नाही. परंतु भारत-अमेरिका करकराराच्या २१व्या कलमानुसार भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला ती घेता येते. २०२५ साठी ती १५,७५० डॉलर आहे, आणि ती वजा केल्यास वरच्या उदाहरणातील कर सुमारे २,६७० डॉलरवर येतो. म्हणजे परतावा जवळजवळ २,९३० डॉलरचा होतो, जवळपास एका महिन्याच्या विद्यावेतनाएवढा. हे कलम माहीत नसल्यामुळे ती रक्कम सोडून देणारे विद्यार्थी असतात. इतर देशांचे करार वेगळे आहेत आणि काहींत विद्यावेतनावर थेट सूट आहे; ती सूट वर्षाच्या आरंभीच मागायची असल्यास डब्ल्यू-८बेन हा फॉर्म विद्यापीठाला द्यावा लागतो.

फेलोशिप कोण देते यावरही कर ठरतो. अमेरिकेबाहेरील सरकार किंवा प्रतिष्ठान पैसे देत असेल, तर ते उत्पन्न अमेरिकेबाहेरचे मानले जाते आणि अनिवासी विद्यार्थ्याला त्यावर अमेरिकेत कर लागत नाही. विद्यापीठाचे पैसे आणि मायदेशातील शिष्यवृत्ती असे दोन्ही मिळत असतील, तर त्यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या ठेवाव्यात.

वर्ष संपल्यावर पगाराचा तपशील डब्ल्यू-२ या फॉर्मवर जानेवारीअखेर येतो, तर फेलोशिपचा १०४२-एस हा फॉर्म १५ मार्चपर्यंत येऊ शकतो. ज्याला त्या वर्षात दोन्ही प्रकारचे पैसे मिळाले आहेत, त्याने फेब्रुवारीत घाईने विवरणपत्र भरू नये. अनिवासी विद्यार्थ्याचे विवरणपत्र १०४०-एनआर हे असते. त्याला ८८४३ हा फॉर्म जोडावा लागतो आणि उत्पन्न काहीच नसले, तरी ८८४३ भरावाच लागतो. नागरिकांसाठी केलेली लोकप्रिय सॉफ्टवेअर १०४० हा निवासींचा फॉर्म तयार करतात, आणि तो भरणे अनिवासी विद्यार्थ्यासाठी चुकीचे आहे. बरीच विद्यापीठे स्प्रिंटॅक्स किंवा ग्लेशियर यांसारखी अनिवासींसाठीची सॉफ्टवेअर मोफत अथवा सवलतीत उपलब्ध करून देतात. पगार नसलेल्या अनिवासी विद्यार्थ्याला १५ जूनपर्यंत मुदत असते. तरी १५ एप्रिल हीच तारीख मनाशी धरावी, कारण अनेक राज्यांच्या विवरणपत्राची मुदत एप्रिलमध्येच संपते. राज्याचा कर वेगळा असतो आणि करकरार मानायचा की नाही, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते.

काम, सुटी आणि संघटना

सत्र चालू असताना एफ-१ विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. कामाची अट नसलेली फेलोशिप या तासांत मोजली जात नाही. मात्र काही फेलोशिप स्वतःच जादा कामावर याहून कडक मर्यादा घालतात, आणि त्यांतील कमी असलेली मर्यादा पाळावी लागते. उन्हाळ्यातील इंटर्नशिपसाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते, आणि त्या महिन्यांत फेलोशिप थांबते का, याची विचारणा स्वतंत्रपणे करावी लागते. विषय सोडायचा असेल, आजारपणामुळे अभ्यासभार कमी करायचा असेल किंवा सत्रभर रजा घ्यायची असेल, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावे आणि मगच विभागात अर्ज करावा. पूर्ण वेळ नोंदणी मोडली की व्हिसाचा दर्जा आणि फेलोशिप दोन्ही एकदम धोक्यात येतात.

कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१६ साली खासगी विद्यापीठांतील असिस्टंट हे कर्मचारी असल्याचा निर्णय दिला आणि त्यानंतर अनेक ठिकाणी अशा विद्यार्थ्यांच्या कामगार संघटनांचे विद्यापीठांशी करार झाले. २०२३ मध्ये मात्र एमआयटीतील फेलोशिपधारक त्या अर्थाने कर्मचारी नाहीत, असे मंडळाच्या प्रादेशिक पातळीवर ठरले. त्यामुळे करारातील वेतनवाढ, दंतविमा किंवा तक्रारनिवारणाची पद्धत फेलोशिपच्या वर्षातही लागू राहते का, हे गृहीत न धरता संघटनेला आणि विभागाला दोघांनाही विचारावे.

सहावे वर्ष

पीएच.डी. पाच वर्षांपेक्षा लांबली, की कराचे सगळे गणित बदलते. या मोजणीत अपुरे वर्षही पूर्ण धरले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या विद्यार्थ्याचे २०२४ हे पहिले वर्ष होते आणि २०२८ हे पाचवे, म्हणून १ जानेवारी २०२९ पासून तो सामान्यतः कराच्या दृष्टीने निवासी होतो. त्यापुढे १०४० हा फॉर्म लागतो, प्रमाणित वजावट सर्वांनाच मिळते, परंतु जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. मायदेशातील व इतर परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाल्यास त्यांची स्वतंत्र माहिती अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या कार्यालयाला ऑनलाइन द्यावी लागते. शिवाय विद्यापीठ फेलोशिपमधून १४ टक्के कापणे थांबवते. हाती येणारी रक्कम अचानक वाढलेली दिसते, पण ती वाढ नसते. कर आता स्वतः भरायचा असतो. वर्षाचा देय कर १,००० डॉलर किंवा अधिक होणार असेल, तर तो एप्रिल, जून आणि सप्टेंबर यांच्या १५ तारखांना आणि पुढील वर्षाच्या १५ जानेवारीला हप्त्यांनी भरावा, नाहीतर दंड लागू शकतो. पाचव्या वर्षाच्या डिसेंबरमध्येच विद्यापीठाच्या वेतन कार्यालयाला आपला बदललेला दर्जा कळवावा आणि पहिल्या हप्त्याची रक्कम बाजूला काढायला जानेवारीपासूनच सुरुवात करावी.