बोर्दोचे दोन काठ, एका टेबलावर

मित्रांसोबत फ्रेंच वाइन चाखायचं ठरलं की बहुतेक जण चार प्रदेशांच्या चार बाटल्या आणतात. चारही वेगळ्या लागतात, पण का वेगळ्या लागतात ते कळत नाही. खरी तुलना हवी असेल तर बाकी सगळं सारखं ठेवावं आणि एकच गोष्ट बदलावी. सुरुवातीला मी बोर्दोचे दोन काठ सुचवेन. बोर्दो हा नैऋत्य फ्रान्समधला वाइनचा प्रदेश, आणि काठ म्हणजे तिथल्या नद्या-खाडीचे.

डाव्या काठावरच्या मेदोकमध्ये जमीन गोट्या-खडीची आहे. पाण्याचा निचरा लगेच होतो आणि गोटे दिवसाची ऊब धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारं कॅबर्ने सोव्हिन्यो जातीचं द्राक्ष तिथे नीट तयार होतं. उजव्या काठावर, सेंत-एमिलियोंच्या चिकणमाती-चुनखडीत, मर्लो या द्राक्षाचा जोर. दोन्हीकडची एकेक बाटली घ्या, साल मात्र एकच. 1855 साली बोर्दोच्या वाइनना दर्जे देणारी वर्गवारी झाली, तिच्यातली मोठी नावं खिशाला जड जातात. त्या यादीबाहेरच्या ‘क्रू बुर्जवा’ दर्जाची मेदोकची चांगली बाटलीसुद्धा काठाचा स्वभाव स्पष्ट दाखवते.

सहा जण असतील तर प्रत्येकाला 50 मिली ओता. म्हणजे एका बाटलीतली 300 मिली चाखायला गेली, 450 जेवणासाठी राहिली. वाइन 16 ते 18 अंशांवर असावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. तरुण वाइन तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवली तर मोकळी होते. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजराही नको.

बाटल्या कागदात गुंडाळून वर फक्त 1 आणि 2 लिहा. ही पायरी टाळू नका. 1976 साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून चाचणी झाली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांच्याच गुणांनी लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. नाव दिसलं की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते.

एकसारखे ग्लास घ्या, तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरू नका. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. मग हलवून वास घ्या, छोटा घोट तोंडभर फिरवा. हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात का? तोच तुरटपणा, आणि त्यासाठी मराठीइतका नेमका शब्द मला दुसरीकडे सापडलेला नाही. पिकलेलं जांभूळ, करवंद, पावसाची माती, जुनी लाकडी पेटी, जे आठवेल ते लिहा. पुस्तकातले ‘कॅसिस’, ‘सिडार’ शोधत बसू नका. जो तो आपलं आपण लिहील, तोवर कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

आता जेवण. मेदोकमधल्या पोयाक गावचं कोकराचं मटण प्रसिद्ध आहे, तसंच मीठ-मिरी-लसूण लावून भाजलेलं मटण करा. झणझणीत रस्सा त्या दिवशी ठेवा बाजूला. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात. मटणाचा एक घास खाऊन पुन्हा दोन्हींचा एकेक घोट घ्या. मघाशी हिरड्या आवळणारी वाइन एकदम मऊ लागते, कारण तुरटपणा मांसातल्या प्रथिनांना धरतो. पहिल्या फेरीत कमी तुरट वाइनला ‘हीच बरी’ म्हणणारे इथे मत बदलतात, म्हणून दुसऱ्या फेरीचे गुण वेगळे लिहा आणि कागद त्यानंतरच उतरवा.

परतीची गाडी कुणीही चालवायची नाही, टॅक्सी आधीच सांगून ठेवा. बाटलीत काही उरलं तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा. तरुण कॅबर्ने बरेचदा तेव्हाच खुलते.