विंडोजची अख्खी डिस्क बाहेर उतरवून घ्या : क्लोनझिलाने बॅकअप आणि रिस्टोर

'सी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट करा आणि एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा' हा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. त्याने फोटो वाचतील, पण विंडोज परत उभं राहणार नाही. आजच्या लॅपटॉपमध्ये संगणक सुरू करणाऱ्या फाइली सीमध्ये नसतातच. त्या ईएफआय नावाच्या छोट्या, लपलेल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागात असतात. म्हणून पूर्ण डिस्कचीच इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल घ्यायची.

अशी नक्कल घेणारं आणि परत टाकणारं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याचा बूट होणारा पेनड्राइव्ह (म्हणजे संगणक थेट त्यावरून सुरू होईल असा) आणि एनटीएफएस फॉरमॅटची, पुरेशी रिकामी एक्स्टर्नल डिस्क एवढं जवळ असलं की झालं.

बहुतेकांचं घोडं अडतं ते इमेज घेण्याच्या आधी. शट डाउन केलं म्हणजे विंडोज पूर्ण बंद झालं, असं नसतं. फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या सोयीमुळे ते अर्धवट झोपतं आणि सी ड्राइव्ह 'वापरात' अशीच राहते. मग क्लोनझिला एरर देऊन थांबतं. अशा वेळी जबरदस्तीचा पर्याय शोधत बसू नका, इमेज बिघडलेली निघेल. शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउन करा. तरीही तीच एरर आली तर विंडोजमध्ये जाऊन डिस्क तपासणारी चेकडिस्क ही कमांड दुरुस्तीच्या पर्यायासह चालवा आणि दोनदा रीस्टार्ट करा. दोनदाच, एकदा करून भागत नाही.

दुसरी अडचण बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज ११ च्या कित्येक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच हे कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, आपोआप सुरू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. सीच्या चिन्हावर कुलूप दिसतंय का बघा. दिसलं तर आधी कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, फक्त त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. मग एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा. 'सस्पेंड' पुरत नाही, त्यात डेटा कुलूपबंदच राहतो. क्लोनझिलाला मग वापरलेली जागा ओळखता येत नाही आणि ५१२ जीबीच्या डिस्कमध्ये ९० जीबी भरलेले असले तरी इमेज जवळपास ५१२ जीबीची होते. कुलूप काढायला तासभर किंवा जास्तही लागतो, चार्जर लावून ठेवा.

पुढचं सोपं आहे : पेनड्राइव्हवरून बूट करा, मग पडद्यावरचे पर्याय क्रमाने निवडा - डिव्हाइस-इमेज, लोकल डेव्ह, एक्स्टर्नल डिस्क निवडा, बिगिनर, सेव्हडिस्क. शेवटी इमेज तपासू का, असं विचारेल. होच म्हणा, घाई करू नका. काम झालं की एक्स्टर्नल डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कवर रॅन्समवेअरही (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) पोचतं. एन्क्रिप्शन काढल्यामुळे त्या इमेजमध्ये तुमचा सगळा डेटा उघडा असतो, तेव्हा ती डिस्क कोणाच्या हाती देऊ नका.

परत टाकताना रिस्टोरडिस्क निवडायचं. इथे डिस्क नावावरून ओळखू नका, क्लोनझिला दाखवतं ती एसडीए आणि एसडीबी ही नावं अदलाबदल होतात. जीबीचा आकडा आणि मॉडेल वाचा, शंका असेल तर जास्तीच्या डिस्क काढून ठेवा. दोनदा 'वाय' दाबलंत की त्या डिस्कवरचं जुनं सगळं गेलं. नवी डिस्क जुनीपेक्षा थोडीही लहान असेल तर रिस्टोर साध्या मार्गाने होत नाही, तेव्हा विकत घेताना तेवढीच किंवा मोठी घ्या. पहिल्या बूटच्या वेळी जुनी डिस्क जोडलेली नको. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळतं.

विंडोज नीट उघडलं की एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा. रिकव्हरी की नवी मिळेल, कागदावरची जुनी खोडून ती लिहा.