गच्चीवर ‘कमिंग टू अमेरिका’ (1988)

सोलापुरी चादर पडदा म्हणून टांगू नका, नक्षीत चेहरे हरवतात. ती अंथरायला. पडद्याला पांढरी सुती चादर घ्या, खालच्या कडेत पाइप ओवा. नाहीतर वाऱ्यावर सिनेमातला राजपुत्र लाटा मारतो. सहा फूट रुंद चित्राला साध्या प्रोजेक्टरला साधारण नऊ फूट अंतर लागतं.

मे महिन्यात स्लॅब तापलेला असतो. सहाला पाणी मारा, पावणेआठच्या आत सुरू करू नका; उजेडात चित्र फिकं दिसतं. सिनेमा जवळपास दोन तासांचा.

सुरुवातीचं अंघोळीचं दृश्य मोठ्यांसमोर अवघडवतं, भाषाही शिवराळ; पोरांना नको. सबटायटल लावाच. न्हाव्याच्या दुकानातला म्हातारा गोरा गिऱ्हाईक नीट बघा: मेकअपखाली राजपुत्र झालेला एडी मर्फीच आहे! शेंगाचटणी, कडक भाकरी मध्यंतरातच. कुरकुर आवाजात संवाद बुडतात.