लेक सुपीरियरवर शिडाची बोट नेताय? या चुका टाळा

मांडव्याहून गेटवेपर्यंत शीड लावून येणाऱ्याला भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असतात. मीही तसाच होतो. मिनेसोटात राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सुपीरियरचा, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या गोड्या पाण्याच्या अवाढव्य तळ्याचा, चार्ट उघडला आणि सवयीने भरतीचा तक्ता शोधू लागलो. तक्ता नव्हताच, कारण तिथली भरती जेमतेम पाच सेंटिमीटरची. मनात म्हटलं, चला, निम्मी डोकेदुखी गेली! ती माझी पहिली चूक.

सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा चौथा भाग पाण्याखाली घातला तरी तेवढं होत नाही. खोली ४०६ मीटरपर्यंत. पण हे आकडे सगळेच वाचून येतात, त्यांनी कोणी फसत नाही. फसवतो तो गारठा. गोडं पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. त्यामुळे वसंतात वरचं पाणी जरा तापून ४ अंशांकडे सरकलं की खाली बुडतं आणि खालचं आणखी गार पाणी वर येतं. एवढा खोल हंडा असा घुसळून निघेपर्यंत वरचा थर तापतच नाही. किनाऱ्यावर लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात असतात तेव्हा, जूनच्या सुरुवातीला, तळ्याच्या मध्यावर पाणी ४ अंशांच्या आसपास असतं. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या ४ अंशांतूनच निघतात.

लाइफ जॅकेट बाकाखाली

'मला पोहता येतं' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. एवढ्या गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही. आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात. मग बोटं दोरी धरेनाशी होतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. इकडे हे १-१०-१ म्हणून शिकवतात. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडून मरतो. जॅकेट अंगात असेल तरच तो एक तास तुमचा.

याच्या जोडीची चूक म्हणजे बोटीवर परत चढायची शिडी फक्त वरून उघडणारी असणं. पाण्यातल्या माणसाला दहा मिनिटांत ती स्वतः खाली ओढता आली पाहिजे. ऑगस्टमध्ये, बोट नांगरलेली असताना, घरच्यांसमोर एकदा करून बघा. बघणाऱ्यांची करमणूक होते आणि तुम्हाला कळतं की हात पुरत नाही.

'ऑगस्टमध्ये तर पाणी बरं असतं ना?' असतं, पण भरवसा नाही. मिनेसोटाच्या उत्तर किनाऱ्यावर दोन दिवस नैर्ऋत्येचा वारा टिकला की वरचा उबदार थर आत ढकलला जातो आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. काल मुलं जिथे डुंबत होती तिथे आज घोटा बुडवला तरी हाड दुखतं.

अंदाजातला वारा आणि शिडातला वारा

हे मला समजायला दोन उन्हाळे लागले, म्हणून जरा सविस्तर.

जूनमध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या बेफिल्ड गावाहून निघालो. अंदाज १५ नॉटचा (ताशी १५ सागरी मैलांचा) होता. पाणी मात्र आरशासारखं, कॉकपिटमध्ये झुळूक नाही. मी अंदाज वर्तवणाऱ्यांना नावं ठेवत इंजिन लावलं. मग सहज वर पाहिलं तर डोलकाठीच्या टोकावरचा वारादर्शक ताठ उभा, आणि स्क्रीनवर आकडा १४. वारा होता, पण पंधरा मीटर उंचीवर. गार पाण्याला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि गोधडीसारखी पाण्यावर पसरून राहते. वरचा वारा त्या गोधडीवरून घसरत जातो. अशा वेळी मोठ्या शिडाचा वरचा आणि खालचा भाग दोन वेगळ्या वाऱ्यांत असतो. शीट, म्हणजे शीड ओढून धरणारी दोरी, थोडी सैल सोडून वरच्या भागाला पीळ पडू दिला की बोट चालते. आमची साडेतीन नॉटने चालली, तीही पाण्यावर एक सुरकुती नसताना. भुताटकीच वाटते.

सप्टेंबरात हेच उलट होतं. पाणी उबदार, वरून येणारी कॅनडाची हवा गार. खालची हवा तापून वर उसळते, वरचा वारा झोताझोताने खाली आदळतो. जूनच्या अंदाजातले २० नॉट आणि सप्टेंबरच्या अंदाजातले २० नॉट हे दोन वेगळे प्राणी आहेत. म्हणून फक्त वाऱ्याचा आकडा वाचू नका, हवेचं आणि पाण्याचं तापमान शेजारी शेजारी मांडा. पश्चिम सुपीरियरसाठी ४५००६ क्रमांकाचा बोया (पाण्यावर तरंगणारं हवामानयंत्र) दोन्ही आकडे देतो. पाणी हवेपेक्षा उबदार असेल तर शीड धक्क्यावरच आखडून घ्या, बाहेर जाऊन बघू असं म्हणू नका.

लाटांच्या अंदाजाबद्दलही एक गोष्ट. 'चार फूट' म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून जवळजवळ दुप्पट उंचीची येणार, हे गृहीत धरा. आणि अरबी समुद्राची लांब, संथ फुगवटी डोक्यात ठेवून येऊ नका. इथल्या लाटा उभ्या आणि दाटीवाटीने येतात, पाच-सहा सेकंदांत पुढची हजर. वाऱ्याच्या तोंडावर बोट एका लाटेवरून सुटून दुसरीवर आपटते. ईशान्येचा वारा सर्वांत वाईट, कारण त्याला पश्चिमेकडच्या डुलुथच्या टोकापर्यंत तळ्याची जवळजवळ अख्खी लांबी मोकळी मिळते.

(दुपारी पाण्यावरून जमिनीकडे येणाऱ्या झुळकीला काय म्हणायचं? शाळेत 'खारे वारे' पाठ केले होते. इथे खारं काहीच नाही. आमच्या बोटीवर 'अळणी वारे' रूढ झालंय.)

एकदा नांगर टाकला की झोप

अपोस्टल बेटं ही या तळ्यावरची सर्वांत सोयीची जागा. बावीस बेटं, बरीचशी एकमेकांपासून तास-दोन तासांवर, तळ वाळूचा, नांगर छान धरतो. पण चहूबाजूंनी बंदिस्त असं बंदर जवळजवळ नाहीच. प्रत्येक खाडी कुठल्या ना कुठल्या दिशेला उघडी असते.

स्टॉकटन बेटावरच्या प्रेस्क आइल बेमध्ये आम्ही संध्याकाळी उत्तरेच्या वाऱ्याला पाठ देऊन निवांत थांबलो होतो. पाच-सहा बोटी होत्या. रात्री दोनला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. वारा नैर्ऋत्येला फिरला होता, खाडीत सरळ लाटा शिरत होत्या आणि किनारा, जो संध्याकाळी आमच्या पुढे होता, तो आता मागे होता. शेजारच्या दोन बोटी दिसेनात. त्यांनी अंदाज वाचून झोपायच्या आधीच नांगर उचलून टोकाला वळसा घातला होता आणि पलीकडच्या ज्युलियन बेमध्ये त्या शांत झोपल्या होत्या. आम्ही तोच वळसा अंधारात, ओल्या साखळीशी झटत घातला. अंतर थोडंसंच, पण लागला दीड तास.

तेव्हापासून नियम असा: संध्याकाळचा वारा कुठला हे बघून जागा निवडायची नाही, पहाटे चारचा कुठला हे बघून निवडायची. आणि दिवसाउजेडी बाहेर पडायचा मार्ग चार्टप्लॉटरवर (चार्ट दाखवणाऱ्या स्क्रीनवर) आखून ठेवायचा, म्हणजे रात्री नुसता उलट पकडता येतो.

उत्तर किनाऱ्यावर आणि आइल रॉयल या राष्ट्रीय उद्यान असलेल्या बेटावर अडचण वेगळी. तिथे खडक थेट खोल जातो. काठाला धोंडा मारता येईल एवढ्या अंतरावरही तळ तीस-चाळीस फुटांवर असू शकतो. खोलीच्या सातपट दोर सोडायचा तर बोट फिरायला जागा उरत नाही. जागा कमी म्हणून दोर कमी सोडणं ही तिथली नेहमीची चूक. त्यापेक्षा दुसरी खाडी शोधा, किंवा मागून एक दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधा. राष्ट्रीय उद्यानात झाडांना दोर बांधण्याआधी तिथले नियम विचारून घ्या. आणि कुत्रा असेल तर आइल रॉयलचा बेतच नको. उद्यानाच्या हद्दीत तो बोटीवरसुद्धा चालत नाही.

धुक्यात इंजिन आणि शांतता

ऊबदार, दमट हवा गार पाण्यावर आली की धुकं. जून-जुलैत हे रोजचं आहे, आणि किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना दोन मैलांवर भिंत उभी असते. तिच्यात ३०० मीटर लांबीची लोहखनिजाची जहाजं चालतात, आणि ती तुमच्यासाठी वळत नाहीत.

लोक रडार आणि एआयएस (आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून दाखवणारी यंत्रणा) बघत बसतात आणि भोंगा विसरतात. शिडावर असताना दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड. इंजिनवर असाल तर फक्त एक लांब, कारण इंजिन लावल्या क्षणी तुम्ही नियमाने शिडाची बोट राहत नाही, शीड वर असलं तरी. आणि दर थोड्या वेळाने इंजिन मिनिटभर थांबवून ऐका. स्वतःच्या डिझेलच्या धडधडीत दुसऱ्याचा भोंगा ऐकू येत नाही, हे कळायला फार हुशारी लागत नाही, तरी पहिल्या धुक्यात मी ते केलं नव्हतं.

रेडिओवर अंतर सांगताना मैल कुठला तेही सांगा. अमेरिकेच्या कोस्ट पायलट या सरकारी जलमार्ग-मार्गदर्शिकेत ग्रेट लेक्सपुरते जमिनीवरचे मैल वापरतात. तुमचा प्लॉटर मात्र सागरी मैल दाखवत असतो. फरक पंधरा टक्क्यांचा. आणि होकायंत्र उत्तर किनाऱ्यालगत काही ठिकाणी भलतीकडे बोट दाखवतं, कारण तिथल्या खडकात लोखंड आहे. चार्टवर तशी सूचना असते, फक्त ती कोणी वाचत नाही.

बोटीच्या पोटाला घाम

बाहेरचं पाणी ६ अंश, आतली हवा २०. बोटीचं पोट आतून थंड बाटलीसारखं ओलं होतं. चार माणसांचा श्वास, त्यात संध्याकाळी खिडक्या लावून कुकरमध्ये खिचडी. तिसरी शिटी झाली की छतावरून थेंब आणि सकाळी गाद्यांची खालची बाजू चिंब. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला, कुकरच्या वेळी वरची झडप उघडी ठेवा, आणि हीटर असा घ्या की ज्याचा धूर नळीने बाहेर जातो. उघडी ज्योत ऊब देते तशी वाफही देते आणि कार्बन मोनॉक्साइडही. गारठ्याचा एकच फायदा: बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या सर्वांत खालच्या खणाच्या, तळाशी ठेवलेलं श्रीखंड चार दिवस टिकतं.

गोड्या पाण्याचे तीन गैरसमज

'स्वच्छ दिसतंय, पिऊन टाका.' आइल रॉयलवर लांडगे आणि मूस (मोठ्या चणीची हरणं) आहेत, आणि त्यांच्यातून पाण्यात फीतकृमीची अंडी येतात. क्लोरीनच्या गोळ्यांवर विसंबू नका. पाणी गाळा किंवा उकळा.

'धक्क्यावरच उडी मारू.' कधीच नाही. किनाऱ्यावरच्या विजेला जोडलेल्या एखाद्या बोटीतून करंट पाण्यात गळत असेल तर खाऱ्या पाण्यात तो माणसाला टाळून जातो, गोड्या पाण्यात माणसातून जातो. मरिनामध्ये कोणी पडलं तर आधी वीज तोडा, मग दोर टाका.

'मुंबईत जस्ताचे तुकडे लावायचो, इथेही लावू.' हे तुकडे बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजतात, पण गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम थांबवतं. इथे मॅग्नेशियम लावतात. वर्षाअखेरीस तुकडा नव्यासारखा कोरा निघाला तर आनंद मानू नका. त्याच्याऐवजी तुमचा प्रोपेलर झिजलाय.

'अजून एक आठवडा'

ऑक्टोबरमध्ये झाडं पेटल्यासारखी लाल होतात आणि बोट बाहेर काढायचं मन होत नाही. नोव्हेंबरचं कारण सर्वांना माहीत आहे: १० नोव्हेंबर १९७५ ला २२२ मीटर लांबीचं एडमंड फिट्झगेराल्ड हे जहाज व्हाइटफिश बेच्या जवळ पोचूनही वादळात बुडालं, २९ जण गेले, एकही वाचला नाही. पण आपल्यासारख्यांना घाईचा फटका साध्या गोष्टीत बसतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि बोटीत पाणी अडून राहायच्या जागा आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात. बिनविषारी गुलाबी अँटिफ्रीझ इंजिनमधून, संडासाच्या पंपातून, नळांतून, शॉवरच्या पंपातून, सगळीकडून गुलाबी बाहेर येईपर्यंत फिरवायचं.

मी ते सगळं केलं, यादी करून, एकेक खूण करत. राहिली ती इंजिनला बाहेरचं पाणी घेणाऱ्या नळीवरची पितळी गाळणी. तिची वाटी मी 'नंतर' उघडणार होतो. मे महिन्यात बोट पाण्यात उतरली, क्रेनवाला पट्टे सोडत होता, आणि मी खाली टॉर्च मारला. वाटीला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून लेक सुपीरियर थेंब थेंब आत येत होतं.